वास्तू आणि कार्य
(महोत्सवी सभेतील व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेने काय काय उभारले त्याचे वर्णन करावे, अशी रीत आहे. आमच्या आधीच्या वक्त्यांनी ती उत्तम रीतीने पाळली आहे. आम्हांला मात्र आज एका बंद केलेल्या वास्तूविषयी बोलावयाचे आहे. मंगल प्रसंगी हा विषय काहींना रुचणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु गेल्या वार्षिक सभेपासून आपल्या ट्रस्टपुढे एक प्रश्न उभा आहे, आणि तो येथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आहे. मुख्य वास्तू आणि गावाबाहेरचे वसतिगृह अशी दोन्ही ठाणी चालवावयाची, की वसतिगृह बंद करून सारे बळ मूळ कार्याला लावावयाचे? या प्रश्नावर घरोघरी वाद झाले आहेत. काही घरांत तर बापलेकांचेही पटलेले नाही.

आम्ही या वादात आज कौल देणार नाही. तो देणे सभेचे काम आहे. परंतु असाच प्रश्न दुसऱ्या एका समाजापुढे फार पूर्वी आला होता, त्याचा निर्णय झाला, आणि त्या निर्णयाची बरीवाईट फळे आज आपल्याला दिसू शकतात. ती कथा सांगावी, इतकाच हेतू.

अलीकडे अमेरिकेत एकेका चर्चची अनेक ठाणी असतात. त्यांना ते ‘कॅम्पस’ म्हणतात. चर्च एकच, पाळक मंडळ एकच, पण उपासना शहराच्या चार भागांत चार इमारतींत चालावयाची. पुढे कधी असा दिवस येतो, की छपराची दुरुस्ती, दिवाबत्ती आणि कर्जाचे हप्ते यांतच माणसे आणि पैसा खर्ची पडतो. मग मंडळी एकत्र बसतात आणि ठरवतात की एक ठाणे बंद करू आणि लोकांच्या सेवेकडे पुन्हा लक्ष देऊ. आपल्याला हे नवे वाटेल. पण त्याच अमेरिकेतील एका धर्मसंस्थेने १८५५ साली, आपल्या शेजारी सिंहलद्वीपात म्हणजे आजच्या श्रीलंकेत, हीच गोष्ट केली होती. आणि ते करण्यापूर्वी तिचे दोन प्रतिनिधी आपल्या मुंबईला आणि अहमदनगरलाही येऊन गेले होते.

या संस्थेला थोडक्यात ‘अमेरिकन बोर्ड’ म्हणत. तिची स्थापना १८१० सालची आणि कचेरी बॉस्टन येथे. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, आणि ‘अमेरिकन मराठी मिशन’ची सुरुवात झाली. अहमदनगरचे ठाणे १८३१ चे, आणि तेथून ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ पासून निघू लागले, हे आपल्यातील जाणत्यांना ठाऊक आहेच. मुंबईनंतर तीन वर्षांनी, १८१६ साली, याच बोर्डाचे लोक सिंहलद्वीपाच्या उत्तर टोकाला जाफना प्रांतात गेले. तो मुलूख तमिळ भाषेचा. तेथे वट्टुकोट्टै नावाचे गाव आहे. इंग्रजी कागदपत्रांत त्याला बॅटिकोटा म्हणत. त्या गावात डच अमदानीतील एक जुने चर्च होते. त्याच्या आवारात १८२३ साली या मंडळींनी एक निवासी विद्यालय काढले. तेच बॅटिकोटा सेमिनरी.

डॅनिअल पूअर हे पहिले मुख्याध्यापक. मुलांनी तेथेच राहावे, जेवावे आणि शिकावे, अशी व्यवस्था होती. इंग्रजी, तमिळ, संस्कृत, गणित, पदार्थविज्ञान आणि ज्योतिष असा त्यांचा अभ्यासक्रम होता. पूअर यांच्यानंतरचे हॉइझिंग्टन हे तर शैव सिद्धांताच्या तमिळ ग्रंथांत इतके रमले की त्यांची इंग्रजी भाषांतरे त्यांनी प्रसिद्ध केली. धर्मप्रसारासाठी आलेला मनुष्य समोरच्याचे शास्त्र इतक्या मनापासून शिकतो, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. सर इमर्सन टेनंट या सिंहलद्वीपातील वरिष्ठ अधिकाऱ्याने १८५० साली आपल्या पुस्तकात या विद्यालयाची बरोबरी युरोपातील अनेक विद्यापीठांशी केली. एका खेड्यातले विद्यालय, आणि त्याची ही कीर्ती!

आणि नेमके हेच विद्यालय पाच वर्षांनी बंद झाले.

का बंद झाले? पैशाचा घोटाळा झाला नव्हता. मुले येईनाशी झाली होती, असेही नव्हे. उलट ती फार उत्साहाने येत होती. तंटा होता तो हेतूचा. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८३२ पासून त्या जागी होते आणि या विषयाचा त्यांनी वर्षानुवर्षे विचार केला होता. त्यांचे मत असे की, मिशनचे काम म्हणजे त्या त्या देशाच्या लोकांची अशी मंडळी उभी करणे, जी आपला कारभार आपण करील, आपला खर्च आपण भागवील आणि आपला प्रसार आपणच करील. परक्या मिशनऱ्याने तेथे कायमचे घर करू नये. हे काम व्हावयाचे तर लोकांच्या भाषेतच व्हावयास हवे. इंग्रजी विद्यालयात काय होते, असे ते विचारीत. मुलगा खेड्यातून येतो, मिशनच्या खर्चाने जेवतो, आठ वर्षे इंग्रजी शिकतो, आणि मग सरकारी कचेरीत चांगल्या पगारावर जातो. ज्या गावाचा पाळक किंवा शिक्षक व्हावा म्हणून त्याला वाढविले, त्या गावात परत जाणे त्याला जड वाटते. तो गावच्या माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलावयास कचरतो. विद्यालयाच्या मुलांत मंडळीचे सभासद थोडे आणि नोकरीची आशा धरून आलेले पुष्कळ, असा हिशेब समोर होता.

हा हिशेब खोटा नव्हता, हे आपण कबूल केले पाहिजे. देणगीदाराने एका कामासाठी पैसा द्यावा आणि तो दुसऱ्याच कामाला, कितीही चांगल्या का होईना, लागावा, याचा विचार विश्वस्ताने करावयाचा नाही तर कोणी करावयाचा?

१८५४ साली अँडरसन आणि ऑगस्टस थॉम्प्सन हे दोघे शिष्टमंडळ म्हणून निघाले. प्रथम ते मुंबई-अहमदनगरकडे आले. येथील इंग्रजी शाळाही त्यांच्या भेटीनंतर बंद झाल्या, आणि मराठीतून उपदेश, गावोगावच्या मंडळ्या आणि देशी पाळक यांवर भर देण्यात आला. मग १८५५ साली ते जाफन्याला गेले. तेथील मिशनऱ्यांबरोबर बैठका झाल्या आणि बॅटिकोटा सेमिनरी बंद करण्याचे ठरले. पुढे काही वर्षांनी त्याच जागी तमिळ माध्यमाचे एक लहान अध्यापन विद्यालय आले. परंतु जुनी विद्या आणि जुनी कीर्ती या दोहोंना तेथे विराम मिळाला. या निर्णयांवर खुद्द अमेरिकेत इतका गदारोळ झाला की १८५६ साली अल्बनी शहरी बोर्डाची खास सभा बोलवावी लागली.

आणखी एक योगायोग पाहा. ज्या १८५४ साली शिष्टमंडळ हिंदुस्थानात आले, त्याच साली वुडचा प्रसिद्ध खलिता निघाला, आणि खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली झाली. म्हणजे इतर मिशने शाळा वाढवू लागली त्याच वेळी बोर्ड त्या मिटवीत होते.

आता फळांकडे वळू. दोन वर्षांनी, १८५७ साली, मद्रास विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेले दोघेही जाफन्याचे तमिळ गृहस्थ होते : विश्वनाथ पिळ्ळै आणि दामोदरम् पिळ्ळै. दोघेही बॅटिकोट्याचे विद्यार्थी. ज्या विद्यालयाने आपला हेतू साधला नाही म्हणून दारे लावली, त्याच्याच हातून विद्यापीठाचे पहिले पदवीधर निघाले! पुढे या दामोदरम् पिळ्ळै यांनी ताडपत्रांत पडून राहिलेले प्राचीन तमिळ ग्रंथ शोधून, ताडून, छापून काढले. १८८७ साली त्यांनी ‘कलित्तोगै’ हा संघकाळातील काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. अँडरसनसाहेबांची भीती अशी होती की इंग्रजी विद्या मुलाला त्याच्या भाषेपासून तोडील. या एका मुलाने तर आपल्या भाषेचे हरवलेले धन परत आणले. मंडळीच्या सभासदांच्या यादीत हे फळ कोठे नोंदवावयाचे?

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जाफन्यातच मानिपाय येथे सॅम्युएल ग्रीन नावाचे बोर्डाचे डॉक्टर होते. त्यांनी वैद्यक तमिळमधून शिकविण्याचा ध्यास घेतला, पाश्चात्त्य वैद्यकाचे ग्रंथ तमिळमध्ये उतरविले, आणि आपले विद्यार्थी गावोगाव रुजावेत अशी तजवीज केली. आपल्याकडे अहमदनगरच्या त्याच मिशनच्या छायेत पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक झाले आणि त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि कीर्तनाचे मराठी रूप दिले. लोकांच्या भाषेवर भर देण्याचे तत्त्व असे फळाला आले. तत्त्व खोटे नव्हतेच.

मग चूक कोठे झाली? आमच्या अल्प मतीप्रमाणे, ती बंद करण्यात नव्हती, बंद करण्याच्या रीतीत होती. अँडरसनसाहेबांचे म्हणणे असे की लोकांनी आपला कारभार आपण करावा; आणि त्याच लोकांच्या विद्यालयाचा निर्णय मात्र बोर्डाने आणि मिशनऱ्यांनी केला. ज्या तमिळ कुटुंबांनी आपली आशा त्या आवारात गुंतविली होती, त्यांच्या मताला शेवटचे वजन नव्हते. स्वावलंबन शिकविण्याचा निर्णय परावलंबी रीतीने झाला, हा त्यातला विरोध.

आणि कथेचा शेवट याच गोष्टीने होतो. जाफन्याचे लोक गप्प बसले नाहीत. जुन्या विद्यार्थ्यांनी आणि स्थानिक मंडळींनी उच्च शिक्षणाची मागणी लावून धरली, आपल्या खिशाला हात घातला, अमेरिकेतूनही निधी उभा राहिला, आणि १८७२ साली त्याच वट्टुकोट्टैला जाफना कॉलेज निघाले. पहिले प्रिन्सिपॉल हेस्टिंग्ज हे जुन्या सेमिनरीत शिकविलेले गृहस्थ. कारभाराला आता स्थानिक माणसेही बसली. जुन्या काळचे ऑट्ले हॉल त्या आवारात अजून उभे आहे. आपल्याकडेही तसेच झाले : अहमदनगरला (आता त्याचे नाव अहिल्यानगर) मिशनची इंग्रजी शाळा पुढे पुन्हा निघाली, आणि १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. बोर्डाने बंद केलेले दार लोकांनी उघडले. आणि लोकांनीच उघडल्यामुळे ते आता त्यांचे झाले होते. अँडरसनसाहेबांना जे साधावयाचे होते ते असे, त्यांच्या निर्णयाविरुद्ध, साधले.

सज्जनहो, आमचे बालपण ज्या वसतिगृहाच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडात गेले, त्याच वसतिगृहाविषयी हे बोलणे आहे. तेथल्या आमटीची चव आम्ही विसरलेलो नाही. म्हणून आमचे मन एका बाजूला ओढ घेते, हे लपविण्यात अर्थ नाही. पण ओसरीची माया आणि ट्रस्टचे कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज तेथे किती मुले राहतात, त्यांना खरी गरज कशाची आहे, खोलीची की शिष्यवृत्तीची, हे पाहिले पाहिजे. छपरावर खर्च होणारा रुपया मुलाच्या फीला लागला तर अधिक पुण्य पडेल, असे दिसले तर कुलूप लावताना आमचा हात कापेल, पण आम्ही तो मागे घेणार नाही.

मात्र सभेला आमची दोन मागणी आहेत. पहिली अशी की, निर्णयापूर्वी तेथे आज राहणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना या सभेत बोलावून विचारावे. त्यांचे म्हणणे कार्यवृत्तात लिहून घ्यावे, आणि ते मतांच्या मोजणीत धरावे. दुसरी अशी की, बंद करण्याचा ठराव मांडणाऱ्यांनी त्याच ठरावात लिहावे की वाचलेला पैसा कोणाला, कशासाठी आणि कधीपासून मिळेल. नुसते ‘मूळ कार्याकडे लक्ष’ एवढे शब्द पुरे नाहीत. १८५५ साली तेही शब्द होते, आणि ते प्रामाणिक होते.

जे उभारले ते सारे टिकलेच पाहिजे असे नाही. ज्यांच्यासाठी उभारले त्यांना विचारल्यावाचून मात्र काही मोडू नये.