गुरुवारची बैठक

दर गुरुवारी सायंकाळी साडेसात वाजता माळव्यातील आमच्या शहरात तीस-पस्तीस माणसे एकत्र जमतात. त्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, कापडाचे व्यापारी आहेत, एक-दोन प्राध्यापक आहेत. कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या घरी हिंदी, गुजराती वा सिंधी. अध्यक्ष घंटा वाजवितात, राष्ट्रगीत होते, चिटणीस आठवड्याचा वृत्तांत सांगतो, कोणी पाहुणा व्याख्यान देतो, आभार मानले जातात आणि पुन्हा एकदा घंटा वाजून बैठक संपते. ह्याला आमचा सेवा-क्लब म्हणतात. मी त्याचा बावीस वर्षांचा सभासद असून मध्यंतरी काही काळ चिटणीसही होतो.

आमच्याविषयी गावात काय बोलले जाते, हे मी ऐकून आहे. ‘ही मंडळी आठवड्यातून एकदा जमतात, जेवतात, एकमेकांना हार घालतात, छायाचित्र काढवून घेतात आणि घरी जातात. ह्यात सेवा ती कोणती?’ ही टीका अगदीच निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि ह्या टीकेचा रोख बहुधा बैठकीवर असतो. देणगी हे खरे काम आणि बैठक ही केवळ करमणूक, असा समज तिच्या मुळाशी आहे. तोच समज एके काळी माझाही होता. तो कसा गेला, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम ह्या प्रथेचा उगम थोडक्यात पाहू. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना एकत्र बोलाविले. हॅरिस लहानाचा मोठा झाला तो व्हरमाँटमधील एका खेडेवजा गावात. शिकागोसारख्या अफाट शहरात वकिली करताना त्याला अशिलांची वाण नव्हती; वाण होती ती शेजाऱ्यांची. जमलेल्या तिघांपैकी एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपीकामाचा धंदा करणारा होता. पुढच्या बैठकीला एक छापखानेवाला आला. बैठकीत सर्वांनी मिळून गाणे म्हणण्याची प्रथा त्यानेच पाडली. आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत जमावयाचे ठरले, म्हणून फिरणारे ह्या अर्थी त्या मंडळाचे नाव ‘रोटरी’ पडले. प्रत्येक व्यवसायाचा एकच सभासद घ्यावयाचा, असाही दंडक होता. हेतू हा की, वकिलाने वकिलाशीच आणि व्यापाऱ्याने व्यापाऱ्याशीच बोलत राहू नये.

ह्या मंडळाने हाती घेतलेले पहिले नागरी कार्य कोणते, हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल. ते होते शिकागोच्या रस्त्यावर सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून १९०७ साली आरंभिलेली खटपट. नगरपित्यांच्या मागे लागावयाचे, पुन्हा पुन्हा जावयाचे, असे ते काम होते. एका दिवसात धनादेश देऊन ते होण्यासारखे नव्हते.

पुढे ही कल्पना जगभर पसरली. आपल्या देशात ती १९१९ साली कलकत्त्यास आली. १९६२-६३ साली कलकत्त्याचेच नितीश लाहरी हे रोटरीच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले. १९१७ साली निघालेली लायन्स ही संस्थाही शिकागोचीच. स्त्रियांना मात्र रोटरीत रीतसर प्रवेश मिळण्यास १९८९ साल उजाडावे लागले. पहिल्या बैठकीनंतर तब्बल ८४ वर्षांनी! माणसे जमविणाऱ्या संस्थासुद्धा काही माणसांना किती दीर्घकाळ दाराबाहेर उभे करू शकतात, ह्याचा हा नमुनाच होय.

आता आमच्या क्लबाकडे वळतो. उपस्थितीविषयी ह्या जुन्या संस्थांचा कटाक्ष मोठा कडक असे. रोटरीत लागोपाठ चार बैठका चुकविल्या तर सभासदत्वावर गदा येई. परगावी गेलेल्या माणसाने तिथल्या क्लबाच्या बैठकीस जाऊन आपली उणीव भरून काढावी, अशी रीत असे. २०१६ साली रोटरीने आपल्या क्लबांना ह्या बाबतीत मोकळीक दिली आणि महिन्यातून किमान दोन बैठका पुरेत असे ठरविले. त्या वाऱ्याची झुळूक आमच्यापर्यंतही आली. आमच्या क्लबातही गुरुवारची बैठक पंधरवड्यावर आणावी, असा ठराव आला. मी चिटणीस होतो. लोकांना वेळ नाही, मुलांच्या शिकवण्या आहेत, रस्त्यावर वाहनांची गर्दी आहे, ही सर्व कारणे मीच मोठ्या हिरीरीने मांडली. ठराव संमत झाला.

ठरावानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही एका नगरपालिकेच्या कन्याशाळेला वॉटर कूलर दिला होता. समारंभ झाला, फीत कापली गेली, यंत्रावर क्लबाच्या नावाची पितळी पाटी बसली. मग पावसाळा आला, दिवाळी झाली, आणि माघ महिन्यात त्याच शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना आम्ही व्याख्यानास बोलाविले. विषय होता ‘मुलींची गळती’. बाई शांतपणे बोलत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “ऊन वाढले की पुष्कळ मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत. शाळेत पिण्याचे पाणी नाही.”

आमचे अध्यक्ष चमकून म्हणाले, “पण बाई, आम्ही तर आपल्या शाळेला कूलर दिला आहे.”

“दिलात, त्याबद्दल आम्ही आपल्या ऋणी आहोत,” बाई म्हणाल्या. “श्रावणापासून तो बंद आहे. मी आपल्याला दोन पत्रे पाठविली होती.”

सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. ती दोन्ही पत्रे माझ्या फायलीत होती. पहिल्यावर माझ्याच हाताने ‘पुढील बैठकीत मांडणे’ असा शेरा मारलेला होता. पुढील बैठक पंधरा दिवसांनी होती; तिच्यात दोन सत्कार होते. त्यापुढची सणामुळे रद्द झाली. भरगच्च कार्यक्रमांतून असल्या किरकोळ पत्राला वेळ काही उरेना, आणि खरे सांगावयाचे तर मग मी विसरून गेलो. सहा महिने पितळी पाटी चकाकत होती आणि मुली तहानेने घरी जात होत्या.

त्या बैठकीत माझ्या शेजारी विजेच्या पंपांचे एक व्यापारी बसले होते. ते म्हणाले, “आमच्या गल्लीत फ्रीज दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. उद्या सकाळी त्याला घेऊन जाऊ.” दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे शाळेत गेलो. उंदरांनी एक तार कुरतडली होती आणि पाणी गाळण्याची जाळी चिखलाने बुजून गेली होती. बिघाड तेवढाच! दीड तासात थंड पाणी वाहू लागले. कारागिराने नव्या जाळीचे आणि तारेचे तेवढे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. निघताना तो म्हणाला, “साहेब, यंत्र देऊन चालत नाही, दर तीन महिन्यांनी ते कोणीतरी उघडून बघावे लागते. मी बघत जाईन.”

श्रोतेहो, बावीस वर्षांत मी पुष्कळ विद्वान पाहुण्यांची व्याख्याने ऐकली. पण सेवेविषयी ह्या एका वाक्याहून अधिक उपयोगाचे असे मला कोणी काही सांगितले नाही.

मी क्लबापुढे दोन सूचना ठेवल्या. पहिली, बैठक पुन्हा दर गुरुवारी व्हावी. दुसरी, त्या कारागिराला सभासद करून घ्यावे. पहिली सूचना फारशी खळखळ न होता मान्य झाली. दुसरीवर मात्र दोन गुरुवार वाद चालला. वर्गणी त्याला परवडणार नाही, असे एकाने म्हटले. दुसऱ्याने म्हटले, आपले कामकाज इंग्रजीत चालते, त्याला अवघडल्यासारखे होईल. ह्या हरकती दुष्ट हेतूच्या नव्हत्या. त्यांत काळजीही होती. पण मला शिकागोची ती पहिली बैठक आठवली. तिथे वकिलाच्या जोडीला शिंपीकामाचा धंदा करणारा बसला होता. आम्ही त्यांची घंटा घेतली, त्यांचे हार-सत्कार घेतले, आणि त्यांच्या टेबलावरचा तो चौथा माणूस मात्र वगळला!

अखेरीस तोड निघाली ती अशी. वर्गणीचा मोठा भाग हॉटेलातील जेवणावर जात होता. ते जेवण बंद करून बैठक एका शाळेच्या सभागृहात नेली. आता तिथे चहा आणि पोहे असतात; आणि आमच्याकडच्या पोह्यांना कोण नाक मुरडणार? कामकाज हिंदीत चालू लागले, ज्याला जी भाषा सुचेल तिच्यात त्याने बोलावे असे ठरले. चार सभासद क्लब सोडून गेले, ह्याचे दुःख आहे. पण कारागीर आले. नव्या सभासदाने आपल्या व्यवसायाची माहिती सांगावयाची असते. त्यांनी पाण्याची टाकी आतून कशी धुवावी, हे अर्धा तास समजावून सांगितले. एरवी घड्याळाकडे पाहणारे आमचे डॉक्टर त्या दिवशी वहीत टिपून घेत होते.

मोठ्या कार्यांचेही मर्म हेच असते. रोटरीने पोलिओविरुद्धची जागतिक मोहीम १९८५ साली हाती घेतली. आपल्या देशातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ह्यात सिंहाचा वाटा सरकारी आरोग्यसेविकांचा आणि लसीकरणासाठी दारोदार हिंडलेल्या असंख्य स्वयंसेवकांचा आहे. त्यांनी केले काय? त्याच दारावर ते पुन्हा गेले, आणि पुन्हा गेले. एका मात्रेने भागत नव्हते, म्हणून तेच मूल त्यांनी पुढच्या फेरीत पुन्हा शोधले.

आपल्या भाषेत ‘वारी’ हा शब्द आहे. त्याचा अर्थच मुळी पुन्हा पुन्हा जाणे. एकदाच पंढरीस जाऊन आलेला तो यात्रेकरू. ठरल्या वेळी नेमाने जातो तो वारकरी. गावोगावची भजनी मंडळे एकादशीला जमतात, त्यांना कोणी सूचनापत्र पाठवीत नाही. एखादा टाळकरी दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी विचारपूस होते. आमच्या गुरुवारच्या बैठकीचे प्रयोजन ह्याहून निराळे नाही. दान एका दिवसाचे असते. त्याची राखण आठवड्यागणिक करावी लागते. आणि राखण करावयाची तर माणसांनी नेमाने भेटले पाहिजे, आपल्या व्यवसायाबाहेरच्या आणि आपल्या ऐपतीबाहेरच्या माणसाशेजारी बसले पाहिजे.

आपल्यापैकी कोणी अशा एखाद्या मंडळाचे सभासद असाल, तर येत्या बैठकीत दोन गोष्टी अवश्य पाहा. आपण मागे दिलेली वस्तू आज चालू आहे काय, हे कोणास विचारून पाहा. आणि आपल्या शेजारच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे, कोण बसलेले नाही, तेही पाहा. आमच्या क्लबात अजून शिंपी आलेला नाही. आम्ही शोधात आहोत.