पायांखालची वस्ती



भिलाईचा इतिहास सांगताना १९५५ चा भारत-सोव्हिएत करार, १९५९ मध्ये सुरू झालेली पहिली झोतभट्टी आणि पोलादाच्या ओढीने येथे आलेली मराठी कुटुंबे आठवतात. परंतु या सर्वांच्या आधीपासून येथे एक वस्ती नांदत आहे. ती जमिनीवर वावरणाऱ्या भुंगेऱ्यांची.

जगात भुंगेऱ्यांच्या साडेतीन लाखांहून अधिक जाती ज्ञात आहेत. आफ्रिकेतील नामिब या सागरकाठच्या वाळवंटात पाऊस जवळजवळ पडत नाही. समुद्रावरून केवळ धुके येते. तेथील एक काळा भुंगेरा वाळूच्या टेकडीवर चढतो आणि डोके खाली, पाठ वर करून धुक्यासमोर उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब ओघळत त्याच्या मुखात उतरतात. हे निरीक्षण १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

छत्तीसगडची तांबडी, मुरमाड 'भाठा' जमीनही उन्हाळ्यात निर्जीव भासते. तीही तशी नसते. भारताच्या कोरड्या, झुडपी भागांत सहा पांढऱ्या ठिपक्यांचा काळा भुंगेरा आढळतो. त्याला उडता येत नाही. तो धावत किडे टिपतो आणि छेडल्यास दाहक आम्ल फवारतो. शेणकिडे शेण मातीत गाडून तिचा कस वाढवतात. ऑस्ट्रेलियात गुरांचे शेण जिरवू शकणारे स्थानिक किडे पुरेसे नव्हते. कुरणे शेणाने झाकली, माश्या माजल्या. अखेर १९६० च्या दशकात परदेशातून शेणकिडे आणावे लागले.

या वस्तीची गणना सोपी आहे. एक डबा काठापर्यंत मातीत पुरावा, वर छोटे छप्पर करावे. सकाळी आत पडलेले भुंगेरे हात न लावता मोजून सोडून द्यावेत. शंभर भुंगेरे सापडले, ही विपुलता. ते किती जातींचे, ही विविधता. शंभरही एकाच जातीचे असतील, तर संख्या मोठी असूनही वस्ती दुबळीच म्हणावी लागेल.

हीरक महोत्सवानिमित्त पटांगणात फरशी घालण्याची सूचना पुढे आली आहे. पावसाळ्यातील चिखल पाहता ती रास्तच आहे. मात्र फरशीखाली गेलेल्या मातीत ही वस्ती उरणार नाही. म्हणून कुंपणालगतची एक पट्टी, तिच्यावरील झुडपे व पालापाचोळा यांसह, मोकळी ठेवावी. दर पावसाळ्यात मुलांनी तेथे गणना करून वही जपावी. पुढील महोत्सवात शाळेच्या पटासोबत हाही पट वाचता यावा.