समुद्रात हरपलेल्यांचे स्मरण

जयपूर हे समुद्रापासून फार दूर असलेले शहर आहे. येथील मुलाला मोठे पाणी दिसते ते मानसागर तलावात, जलमहालाच्या भोवती. तरीही राजस्थानातील अनेक तरुणांनी नौदलाची सेवा पत्करली आहे. रणात पडलेल्या वीराच्या नावे छत्री उभारण्याची रीत या भूमीत जुनी आहे. परंतु ज्याला समुद्राने नेले, त्याची छत्री कोठे उभारावयाची?

'खुकरी' या युद्धनौकेची हकिगत या प्रश्नाशी निगडित आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर, शत्रूच्या पाणबुडीचा शोध घेत असताना, 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने तिचा वेध घेतला. काही मिनिटांतच नौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. जे ६७ जण वाचले, त्यांना दुसऱ्या दिवशी 'कच्छल' या नौकेने पाण्यातून उचलले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना नौका सोडण्यास सांगितले. स्वतः मात्र ते तिच्यासोबतच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

कप्तानांचे नाव इतिहासात राहिले, आणि ते योग्यच झाले. परंतु उरलेल्यांची आठवण बहुधा एका आकड्यानेच काढली जाते. जहाजाच्या तळाशी यंत्रे सांभाळणारा, स्वयंपाकघरात राबणारा, संदेश टिपणारा तरुण त्या १७६ मध्ये विरून जातो. आकड्याला आई नसते, नावाला असते.

देह हाती न लागल्यास काय करावे, याचा विचार परंपरेनेही केला आहे आणि कायद्यानेही. पळसाच्या देठांची मनुष्याकृती रचून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी धर्मशास्त्राने सांगितला. सात वर्षे ज्याची वार्ता लागली नाही, तो हयात असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर टाकणारी तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती राखली आहे. विधी पार पडतो, कागदपत्रे पुरी होतात. पण घरातील माणसांचे कान दाराकडेच लागलेले राहतात. अखेरचे दर्शन घडले नाही, म्हणून मन शेवट मान्य करीत नाही.

अशा घराला एखादे ठिकाण हवे असते, जेथे फूल वाहता येईल. दीव येथे टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, 'खुकरी'चे स्मारक उभे आहे. काचेच्या आवरणात नौकेची प्रतिकृती आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात २०१९ पासून स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. तथापि राजस्थानातील वृद्ध मातेला दीव दूर आहे आणि दिल्लीही जवळ नाही.

म्हणून स्मरणाचे काम गावानेच हाती घ्यावयास हवे. हरपलेला नौसैनिक ज्या शाळेत शिकला, तेथे त्याचे नाव, हुद्दा, नौका आणि दिनांक एवढे चार शब्द कोरावेत. त्या दिवशी ते मुलांसमोर मोठ्याने वाचावेत. यास फारसा खर्च नाही, आणि भाषणांची तर मुळीच गरज नाही. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही, अशा मुलालाही त्यावरून कळेल की या मरुभूमीचा एक हिस्सा त्या पाण्याखाली आहे.