पहिलीच्या वर्गात आधी ऐका

मला आज एकच सांगायचं आहे, आणि ते मुख्यतः पहिलीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना आणि गुरुजींना. पहिले काही महिने मुलाचं बोलणं सुधारायला जाऊ नका. आधी ते ऐका.

पनवेल, उरण, पेणकडच्या आगरी घरातलं मूल 'पानी' म्हणतं, 'शाला' म्हणतं, चित्रातल्या घोड्याला 'घोरा' म्हणतं. 'जेलो' म्हणजे गेलो. घाटावरून बदलून आलेल्या बाईंना वाटतं, पोर जेवणाचं काही सांगतंय. मग सुरू होतं, "पानी नाही, पाणी म्हण." चार दिवस असं झालं की मूल वर्गात तोंडच उघडत नाही, आणि आपण शेरा मारतो, बुजरं आहे. अहो, तेच पोर घरी आयसचं आणि आजीचं डोकं खातं!

शिवाय त्याचं चुकतं तरी कुठे? लोणीचं लोनी, काळ्याचं काला, झाडाचं झार. णचा न, ळचा ल, डचा र, सगळं ठरल्या जागी. सहा वर्षांचं मूल नियमाने बोलतंय. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या मराठी खंडात, म्हणजे १९०५ सालीच, आगरीची नोंद झाली आहे.

आपल्याकडे भात सहसा कोणी थेट खाचरात फेकत नाही. राब भाजतो, त्यात आवण, म्हणजे रोपं, वाढवतो, मग चिखलणी करून लावणी. घरची बोली हा मुलाचा राब. तिथून उपटलेलं रोप नव्या चिखलात आठ दिवस मान टाकतं, पिवळं पडतं. शेतकरी त्याला नावं ठेवतो का? खाचरात बेताचं पाणी राखतो, बांध बघतो, आणि रोपाला मूळ धरू देतो. आपण नेमक्या त्याच आठ दिवसांत रोप उपटून मुळं तपासतो. म्हणून पुन्हा सांगतो, आधी ऐका. प्रमाण मराठी शिकवायची आहेच, वाचन-लेखन त्याच मराठीत व्हायचं आहे. फक्त मूळ धरल्यावर.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो, शक्य तिथवर शिक्षण मातृभाषेतून द्या. कागदावर आगरी मुलाची मातृभाषा 'मराठी' लिहिली की आपलं काम संपतं. दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केपमध्ये हेच दिसतं: घरी म्पोंडो किंवा भाका बोलणाऱ्या मुलांची शाळेतली भाषा 'खोसा' असते, पण ती पुस्तकातली, प्रमाण खोसा.

आईबापांनाही रागावायचं आहे थोडं. जमिनी गेल्या, गावाभोवती इमारती उठल्या, आणि पोरांना दटावणं सुरू झालं, "चारचौघांत असं बोलू नको." का नको? आपल्या लग्नात धवलारीण बसते, तिला रात्रभराचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, तोंडपाठ असतात. ती शाळेची पायरीही चढली नसेल, पण तिच्यावाचून विधी अडतात. तिला एक दिवस पहिलीच्या वर्गात बोलवा. मुलांना गाऊ द्या तिच्याबरोबर, आणि बाईंनी त्यातले दहा शब्द फळ्यावर लिहावेत, मुलं म्हणतात तसेच. शेजारी पुस्तकातला शब्द. पहिला शब्द पुसायचा नाही, एवढंच पाळा.

कातकरी वाड्यांवरच्या मुलांविषयी खरं तर वेगळं बोलायला हवं होतं. त्यांची बोली पुस्तकापासून आगरीहूनही लांब, आणि त्यात दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणं. पावसाच्या तोंडावर ती परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. तिथे वाडीवरचीच शिकलेली एखादी ताई वर्गात बाईंच्या जोडीला बसवावी, तिला त्याचं मानधन मिळावं... हे नीट मांडायला वेळ उरलेला नाही. निदान जूनमध्ये ते मूल दारात येईल तेव्हा पहिला प्रश्न गैरहजेरीचा नको. भट्टीवर काय काय पाहिलंस ते विचारा, आणि सांगेल त्या बोलीत त्याला सांगू द्या.