मुलाखत : समोरची आणि पडद्यावरची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या पिंपरी-चिंचवडात घरोघरी कोणी ना कोणी नोकरीच्या मुलाखतीच्या तयारीत असते. म्हणून त्या वेळी शरीरात काय घडते, ते आज सांगते.

नाव पुकारले की छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो, तोंडाला कोरड पडते. हा मुलीचा भित्रेपणा नव्हे. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन व मागाहून कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. थोडी धडधड बुद्धीला धार लावते; फार झाली की कपाळामागचा, विचार करणारा मेंदू मंदावतो आणि पाठ असलेले उत्तरही आठवत नाही.

१९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, आपल्या पिंपरीतच टेल्कोच्या मुलाखतीला आल्या होत्या. ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ या जाहिरातीबद्दल त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले होते. समोर सहा जण! पण नोकरी मिळणार नाही अशी खात्री झाल्यामुळे भीतीच गेली, असे त्यांनी लिहिले आहे. नोकरी मात्र मिळाली. घंटा वाजते ती ‘हातचे जाईल’ या विचाराने.

जर्मनीतल्या ट्रिअरच्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली लुटुपुटीच्या मुलाखतीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटे भाषण, पाच मिनिटे तोंडी वजाबाक्या. या पद्धतीत परीक्षकांनी मान डोलवायची नाही, हसायचे नाही. लाळेतले कॉर्टिसॉल चांगलेच वाढले. पुढे हीच परीक्षा पडद्यावरून घेतली, तरी ते वाढलेच. तेव्हा ‘घरबसल्या तर आहे, घाबरायचे काय?’ असे म्हणू नये.

एरवी समोरासमोरच्या मुलाखतीत परीक्षक ‘हं’ म्हणतो, मान हलवतो, आणि मुलीचा जीव भांड्यात पडतो. पडद्यावर हा आधार तुटक होतो. चेहरे लहान, आवाज उशिरा. जर्मनीतच २०१४ साली दिसून आले, की सव्वा सेकंदाच्या आत-बाहेरचा उशीर झाला, तरी ऐकणाऱ्याला बोलणारा कमी लक्ष देणारा वाटतो. दोष यंत्राचा, शिक्षा माणसाला! शिवाय आपलाच चेहरा सतत समोर. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली पडद्याच्या थकव्याची जी कारणे सांगितली, त्यांत हेही आहे.

उपाय घरचेच आहेत. स्वतःचे चित्र झाकावे. फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवावा. प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबून बोलावे. आधी श्वास सावकाश, लांब सोडावा; त्याने हृदयाची गती उतरते. आणि मंडळींनी तेवढा वेळ कुकर व टीव्ही बंद ठेवावा. माझ्या भाचीच्या मुलाखतीत मी दाराशी खुर्ची टाकून बसले होते; आल्यागेल्याला खुणेनेच परतवले. एवढे कोणालाही जमेल.

पण दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, तिथे शांत कोपरा आणायचा कोठून? माझी विनंती आहे, की दुपारी रिकामी असणारी आपल्या मंडळाची खोली अशा मुलींना वापरू द्यावी. एक टेबल, एक खुर्ची आणि दाराशी आपल्यापैकी एक जण, एवढे पुरे.