लहान मुले आणि घरातील गोल सेल

(वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शिष्यवृत्त्या, वधूवरमेळावा आणि सभागृहाचा निधी हे आपले नेहमीचे विषय असून त्यांवर बोलणारे अधिकारी वक्ते येथे उपस्थित आहेत. मी आज एका क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ती रुपयाच्या नाण्याएवढी, चपटी व चकचकीत असते. मोटारीच्या चावीत, वजनकाट्यात, दिवाळीच्या विजेच्या पणतीत आणि पौषात म्हसा येथील यात्रेतून नातवासाठी आणलेल्या लुकलुकत्या खेळण्यात ती दडलेली असते. तिला आपण गोल सेल म्हणतो.

मूल रांगू लागले म्हणजे हाती येईल ती वस्तू तोंडात घालून तिची ओळख करून घेते. हा त्याचा खोडकरपणा नव्हे. त्या वयाचे शिकणेच तसे असते. आपल्या घरांतून मुलांनी आजवर नाणी, मणी, गुंड्या, चिंचोके गिळलेच आहेत. अशा वेळी घरातील वडीलधारी बाई म्हणते, ‘‘घाबरू नका, केळे चारा, भात चारा, उद्यापरवा पडेल बाहेर.’’ हा अनुभव खोटा नाही. नाणे एकदा जठरात उतरले म्हणजे बहुधा काही दिवसांत शौचावाटे निघून जाते. अडचण एवढीच, की हा अनुभव नाण्याचा आहे, आणि सेल दिसतो मात्र नाण्यासारखा.

दोहोंतील भेद समजून घेण्यास फार मोठी विद्या लागत नाही. पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला असता त्याचे पृथक्करण होते, हा प्रयोग शाळेच्या पुस्तकात असतो. तोच प्रयोग येथे मुलाच्या अन्ननलिकेत घडतो. सेल तेथे अडकला म्हणजे ओल्या त्वचेतून व लाळेतून प्रवाह वाहू लागतो, आणि सेलच्या ऋण बाजूस कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो. सेल फुटावा लागत नाही, गळावाही लागत नाही. अवघ्या दोन तासांत अन्ननलिकेस खोल जखम होऊ शकते. पुढे तीस भोक पडते, ती आकसून अन्न उतरेनासे होते, आणि क्वचित जवळची मोठी रक्तवाहिनी फुटून बालक दगावते. हा रक्तस्राव सेल काढून टाकल्यानंतर काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही होऊ शकतो. म्हणून घरी परतलेल्या मुलास रक्ताची उलटी किंवा काळे शौच झाल्यास क्षणभरही थांबू नये. खेळण्यातील दिवा पेटेनासा झाला तरी सेलमध्ये एवढे अनिष्ट करण्यापुरती शक्ती उरलेली असते. सेलच्या पाठीवर २०३२ असा आकडा असतो. त्यातील पहिले २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास. लहान मुलाच्या अन्ननलिकेत रुतून बसण्यास हे माप पुरेसे आहे.

आता आपल्या भागाचा विचार करा. डोळखांब किंवा टोकावड्याकडील पाड्यावर मुलाने सेल गिळला. केळे चारण्यात अर्धा तास गेला, शेजाऱ्याची गाडी मिळवण्यात दुसरा. मग शहापूर किंवा मुरबाड. तेथून कल्याण किंवा ठाणे, आणि वाटेत वाहनांची रांग. सेल काढणे हे दुर्बिणीचे व भूल देण्याचे काम आहे. ते मोठ्या रुग्णालयातच होते. परळचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठीच चालत आले आहे, परंतु परळ आपणांस जवळ नाही. म्हणून केळ्याचा अर्धा तास आपल्याला परवडणारा नाही. १०८ क्रमांकास तत्काळ कळवावे, आणि वाटेतील ज्या रुग्णालयात क्ष-किरण छायाचित्र निघत असेल तेथे प्रथम जावे. छायाचित्रात सेलच्या कडेस दुहेरी वर्तुळ दिसते, नाण्यास ते नसते. खेळणे किंवा सेलचे वेष्टन बरोबर न्यावे. ‘गिळला असावा’ एवढी शंकाही डॉक्टरांस स्पष्ट सांगावी. कारण पुष्कळदा मूल फक्त लाळ गाळते, खात नाही, खोकते, आणि सर्दी-पडसे समजून औषध दिले जाते.

उलटी करवू नये. खाऊ-पिऊ घालू नये. यास एकच अपवाद अलीकडे मान्य झाला आहे, आणि तो आपल्या डोंगरात मिळतो: मध. मूल एक वर्षाहून मोठे असेल, त्यास गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, असे अधिकात अधिक सहा वेळा द्यावे. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मधाने दाह मंदावतो असे आढळले. परंतु मध वाटेवर, गाडीत द्यावयाचा. मधासाठी गाडी थांबवावयाची नाही. वर्षाच्या आतील बालकास मध मुळीच देऊ नये.

फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हालिए जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी रुग्णांच्या घशांतून व फुप्फुसांतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू जपून ठेवल्या. त्या आजही तेथील संग्रहालयात पाहावयास मिळतात. मुले दाहक क्षार गिळून जायबंदी होतात हे पाहून त्यांनी चळवळ केली, आणि १९२७ साली अमेरिकेत अशा पदार्थांवर विषाची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक झाले. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. यात्रेतील पथारीवर ते चिन्ह शोधून पाहा, म्हणजे कायदा आणि बाजार यांतील अंतर ध्यानी येईल. ज्या खेळण्याचे झाकण नखाने उघडते, ते लहान मूल असलेल्या घरात आणू नये. झाकणास स्क्रू असावा.

लोहचुंबकाच्या लहान गोळ्यांविषयीही हेच सांगतो. एकाहून अधिक गिळल्या गेल्या तर आतडी मध्ये धरून त्या एकमेकींस चिकटतात व आतड्यास भोक पडते. तेथेही वाट पाहणे नाही.

एक सवय मात्र आपल्या घराघरांत आहे. उतरलेला सेल आपण फेकत नाही. खिळे-सुतळीच्या डब्यात ठेवतो, कोणी उन्हात वाळवून पुन्हा चालतो का तेही पाहतो. तो खिडकीच्या कट्ट्यावरचा सेल मुलाच्या हाताच्या टप्प्यातच असतो. आज घरी गेल्यावर तो डबा उघडावा, प्रत्येक गोल सेलच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावावी, आणि घट्ट झाकणाच्या बरणीत घालून ती माळ्यावर ठेवावी.