मंजिष्ठेचा धागा आणि चांदीचा कण



लखनऊच्या चौकातली मिठाई आणि तिच्यावरचा चांदीचा वर्ख तुम्हाला नवा नाही. फुंकर घातली तरी उडेल इतका तो पातळ असतो. आज मी बोलणार आहे ती चांदी त्याहूनही बारीक आहे. एखाद्या जुन्या धाग्याला कोणत्या मुळाने किंवा किड्याने लाल केलं, हे ती सांगते.

हा विषय लखनऊच्या अलीगंजात मांडायला एक कारण आहे. सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा याच वस्तीत आहे. ती १९७६ साली लखनऊत सुरू झाली आणि ओमप्रकाश अग्रवाल तिचे संस्थापक. चित्रं, पोथ्या, वस्त्रं टिकवायची कशी, हे तिचं काम. अशा कामात हात लावण्याआधी वस्तू ओळखावी लागते. लाल रंग पाण्यात उतरेल का, उजेडात किती लवकर विटेल, हे तो लाल कोणता आहे यावर ठरतं.

आणि लाल काही एक नाही. मंजिष्ठेच्या मुळांचा एक लाल. वऱ्हाडात आणि मध्य भारतात ज्याची लागवड होई त्या आलाच्या मुळांचा दुसरा. लाखेच्या किड्याचा तिसरा. पायांना लावायचा अळता त्याचाच. चौथा किरमिजी; ‘किरमिजी’ म्हणतानाही आपण नकळत एका कृमीचंच नाव घेतो. डोळ्यांना हे सगळे रंग भावंडांसारखे दिसतात. रसायनशास्त्रातही ते भावंडंच आहेत, कारण चौघांच्या रेणूंचा सांगाडा एकच, अँथ्राक्विनोनचा.

इथे भातखंड्यांची आठवण येते. विष्णु नारायण भातखंडे मुंबईहून आले आणि १९२६ मध्ये याच शहरात त्यांच्या पुढाकाराने संगीत महाविद्यालय उभं राहिलं. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाच स्वर तेच. वेगळा असतो तो कुठे थांबायचं आणि कशावर जोर द्यायचा याचा हिशेब. आपल्या लाल रेणूंचंही तसंच आहे. सांगाडा तोच, पण त्याला लटकलेले अणूंचे गट वेगळे, म्हणून प्रत्येकाचं थरथरणं वेगळं.

ते थरथरणं ऐकायची युक्ती २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात सापडली. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी दाखवलं की रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडासा भाग रंग बदलून परततो. किती बदलला, यावरून रेणूतले बंध कसे कंप पावतात ते कळतं. पण हा भाग फारच थोडा; कोटीभर प्रकाशकणांतला एखादा. त्यात वनस्पतीचे रंग स्वतःच चमकतात. या चमकण्याला अनुस्फुरण म्हणतात. बँडबाजाच्या वरातीत कुणी कानात कुजबुजावं, तशी त्या एका कणाची गत होते.

चांदी मदतीला आली ती अनपेक्षितपणे. १९७४ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचं विद्युतअग्र मुद्दाम खरबरीत केलं आणि त्याला चिकटलेल्या पिरिडीन या रसायनाचा रामन संकेत घेतला. तो भलताच ठळक आला. पृष्ठभाग वाढला, जास्त रेणू बसले, म्हणून असेल, असं त्यांना वाटलं. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेयर आणि व्हॅन ड्यून यांनी हिशेब मांडला, तेव्हा संकेत लाखो पटींनी वाढल्याचं दिसलं. खरबरीतपणाने एवढी जागा वाढत नाही.

मग वाढ कशाने? चांदीच्या बारीक कणावर योग्य रंगाचा प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन घंगाळातल्या पाण्यासारखे एकदम हिंदकळतात. त्यामुळे कणालगतचं विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं, आणि दोन कण जवळजवळ टेकलेले असतील तर त्या फटीत सर्वांत जास्त. त्या फटीत सापडलेल्या रेणूची कुजबुज मोठ्याने ऐकू येते. शिवाय धातूला चिकटलेल्या रेणूचं अनुस्फुरण विझतं, म्हणजे बँडही थांबतो.

कण बनवायची कृती १९८२ मध्ये ली आणि माइझेल यांनी दिली, ती आजही वापरतात. अर्धा लिटर पाण्यात ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवून उकळायचं, त्यात एक टक्का सोडियम सायट्रेटचं १० मिलिलिटर द्रावण घालायचं आणि तासभर उकळत ठेवायचं. पाणी पिवळट-राखाडी होतं. आपल्या एका केसाची जाडी भरायला असे हजारभर कण ओळीने लावावे लागतील. धाग्याच्या सुट्या तुसावर या द्रावणाचा थेंब टाकायचा आणि लेसर रोखायचा, इतकंच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या मार्को लिओना यांनी २००९ मध्ये चांदीच्या कणांच्या मदतीने सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन चामड्यावर मंजिष्ठेच्या जातीचा रंग ओळखला.

आपल्या मंजिष्ठेत पर्प्युरिन आणि मंजिस्टिन जास्त. मंजिस्टिनला तर नावच आपल्या मंजिष्ठेवरून पडलं. युरोपी मंजिष्ठेत ॲलिझरिन भरपूर. हेच ॲलिझरिन १८६९च्या सुमारास जर्मनीत कारखान्यात बनवता येऊ लागलं आणि थोड्याच दशकांत आलाची शेती बसली. म्हणून धाग्यात जोडीदारांवाचून निव्वळ ॲलिझरिन सापडलं, तर ते वस्त्र पेशवाईतलं आहे या दाव्याविषयी शंका घ्यावी.

या साक्षीदाराच्या मर्यादाही सांगतो. चांदीला जो रेणू घट्ट चिकटतो तोच मोठ्याने बोलतो; शेजारचा भिडस्त रेणू गप्प राहतो. त्यामुळे कोण आहे हे कळतं, किती आहे हे नीट कळत नाही. चांदी टाकलेला नमुना पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, म्हणून सुटं तूसच घ्यायचं, मूळ वस्त्राला हात लावायचा नाही. आणि वस्त्र कुणी नेसलं, कुठल्या लग्नात, हे कोणताही वर्णपट सांगणार नाही.

ते फक्त तुम्ही सांगू शकता. घरात आजीची पैठणी किंवा जुना शेला असेल तर तो उन्हात वाळवू नका, धुऊन नवा करायला जाऊ नका. स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळा, घडी अधूनमधून बदला. गळून पडलेलं तूस फेकू नका. कागदाच्या पुडीत ठेवा. आणि शिसपेन्सिलीने एक चिठ्ठी लिहा: कुणाचं, कुठून आणलं, कोणत्या साली. ही चिठ्ठी आज रात्रीच लिहा, कारण ते सांगणारं माणूस अजून घरात आहे.